कानसाहेबांचे कान

लोखंडी बोटीच्या पोटात भर उन्हात ज्याने एकदा पाऊल ठेवलंय, त्याला नरक समजावून सांगावा लागत नाही. वरून पत्रा तापतो, खालून इंजिन तापतं, आणि एका टोकाला कोणी हातोडी आपटली की तो आवाज बोटभर हिंडून शेवटी आपल्याच डोक्यात मुक्कामाला येतो. अशा डब्यात माणसाने राहायचं तर त्याला आतून अस्तर लावावं लागतं. पत्र्यावर खिळे डाकायचे, खिळ्यांवर काचेच्या लोकरीच्या लाद्या टोचायच्या, इंजिनाच्या बाजूच्या भिंतीला जाड रबर, त्यावर चंदेरी कागद, आणि सगळ्यात शेवटी लाकडी फळ्या. फळ्या बसल्या की मागचं काम कोणालाच दिसत नाही. ज्याने अंग खाजवत खाजवत ते केलं, त्याला तर मुळीच नाही.

ही गोष्ट ज्या बाईची आहे, ती या अस्तरातलं एकच काम करायची. इंजिनाचा धूर वर नेणारा जाड नळ केबिनच्या कोपऱ्यातून जातो. त्या नळाला कोट लागतो. नाहीतर त्याच्या आचेने फळ्या काळ्या पडतात, आणि त्याची घरघर झोपलेल्या माणसाला उठवून बसवते. काचेच्या कापडाचे दोन थर, मध्ये लोकर, बारीक तारेचे टाके आणि आवळायला आकडे, असे कोट ती घरी खिडकीखाली बसून शिवायची. संध्याकाळी आधी थंड पाण्याने अंग धुवायची, कारण गरम पाणी घेतलं की काचेचे कण कातडीत आणखी खोल जातात. तिचे आणि नवऱ्याचे कामाचे कपडे वेगळ्या बादलीत पडायचे. गिऱ्हाईक म्हणून नळ फार चांगला, असं ती म्हणायची. अंगात घातलं की गप्प बसतो, आणि गळा मोठा झाला, बाही आखूड झाली म्हणून परत घेऊन येत नाही.

बोटींच्या ज्या कारखान्यात हे कोट जायचे, तिथेच तिचा नवरा अस्तरवाल्यांचा मुख्य होता. त्याला सगळे कानसाहेब म्हणायचे, तोंडावर आदराने आणि पाठीमागे दात ओठ खात. त्याला कारण होतं तिथली बैठक. बोट गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या आधी ती धक्क्याला बांधून इंजिन पूर्ण जोरात चालवायचं, मधल्या केबिनमध्ये एक स्टूल ठेवायचं, आणि त्यावर कानसाहेबाने बसायचं. मालक, डाककाम करणारा वेल्डर आणि ज्याने ती भिंत भरली तो कारागीर दाराशी उभे, इंजिनाचा मिस्त्री खाली इंजिनापाशी. कोणी बोलायचं नाही. थोड्या वेळाने कानसाहेब एकच शब्द बोलायचा. 'ठीक' म्हणाला तर बोट गेली. 'उखडा' म्हणाला तर फळ्या काढा, लोकर उपसा, सगळं पहिल्यापासून. बोटभर फट राहिली तरी तिच्यातून आवाज गळतो, हे खरंच आहे, आणि ती फट कुठे आहे ते त्याला एकेकाळी बसल्या जागी कळायचं. हेही खरं आहे. माणूस हरामखोर असला म्हणून त्याचं कसब नाकारण्यात अर्थ नाही.

कसब होतं तोवर जीभ शोभत होती. 'उखडा' म्हणून तो थांबायचा नाही. ज्याचं काम असेल त्याला सगळ्यांसमोर उभं करून विचारायचा, ''ही डोक्याला दोन्ही बाजूंनी काय लावलीत? कान की कपाचे दांडे?'' पिकल्या केसांची माणसं मान खाली घालून उभी राहायची. आणि हे सगळं त्याने वर्षानुवर्षं केलं ते स्वतःच्या कानात साधा कापसाचा बोळा न घालता. शेजारी पत्रे ठोकत असताना बाकीचे कान बंद करायचे. हा म्हणायचा, कान झाकले तर मी ऐकू कशाने, गुडघ्याने? पत्र्यांनी ते ऐकून घेतलं आणि आपलं काम केलं.

तिला सगळ्यात आधी कळलं, कारण घर लहान होतं. मोरीतला नळ वाहत राहायचा. दार वाजायचं आणि तो दाराशेजारीच बसलेला असायचा. ती विचारायची, ''भाजी काय आणू?'' तो म्हणायचा, ''उद्या.'' एकदा तिने धीर करून म्हटलं, ''अहो, एकदा कान दाखवून येऊ या.'' तो म्हणाला, ''तू बडबड कमी कर, मग मला ऐकू येईल.'' पण त्यानंतर तो ती बोलताना तिच्या तोंडाकडे बघायला लागला. लग्नाला इतकी वर्षं होऊन त्याने तिच्याकडे एवढं टक लावून कधी बघितलं नव्हतं. तिच्या ओठांवरून त्याला अक्षर न् अक्षर कळायचं. बाकीच्यांचं निम्मं कळायचं, निम्मं तो आवाज चढवून निभावून न्यायचा. साहेबच तो. साहेबाने ऐकलं नाही तर लोक त्याला रुबाब समजतात.

बैठकीचं काय करायचं, हा खरा प्रश्न होता. सुरुवातीला तो भिंतीला तळहात लावायचा आणि थरथरीवरून ठरवायचा. मग एक दिवस जेवताना, ताटातून मान वर न करता म्हणाला, ''उद्यापासून कोटाची शेवटची शिवण केबिनमध्येच बसून घालायची. इंजिन चालू असताना. नळ तापला की फुगतो, तेव्हाच आवळलेला बरा.'' मालकालाही त्याने हेच सांगितलं, आणि मालकाला ते पटलं. तिला मदत कर असं तो एका शब्दाने म्हणाला नाही. तिनेच खुणा ठरवल्या आणि भांडी घासता घासता त्याला सांगितल्या. सुईचा हात चालू राहिला तर काम ठीक. हात थांबला तर आवाज येतोय. ज्या बाजूला ती बघेल तिकडून. सुई बाहीत खोचली तर इंजिन बंद पडलंय, गप्प बसा. त्याने मान डोलावली आणि पाणी मागितलं.

अशी ती कानसाहेबांचे कान झाली, आणि कोणाला पत्ता लागला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला तर मनातून थोडा अभिमानही वाटायचा, हे सांगितलंच पाहिजे. कोपऱ्यात नळाशी वाकून बसलेल्या बाईकडे कोण बघतो? पण तिचा हात थांबला की एवढी मोठी बोट थांबत होती. ती ऐकायलाही शिकली. चांगल्या भरलेल्या भिंतीमागचं इंजिन शेजारच्या घरातल्या घोरण्यासारखं येतं, आणि फट असली की त्या घोरण्यात एक बारीक शिट्टी असते. शिट्टी ऐकली की ती हात थांबवायची. नवरा म्हणायचा, ''उखडा.'' मग त्या कारागिराची जी सालटी निघायची ती मात्र तिला खाली मान घालून ऐकावी लागायची. घरी येऊन ती म्हणायची, ''अहो, चूक सांगा, पण माणसाला असं सोलू नका.'' तो म्हणायचा, ''सोलल्याशिवाय शिकतं का कोण?'' आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कोणाला?

त्या कारागिरांत तिचा धाकटा भाऊही होता. नवऱ्यानेच त्याला कामाला लावलं होतं आणि ते तो त्याला एक दिवस विसरू देत नव्हता. पोरगा सुरुवातीला धसमुसळा होता, मग हात बसला, आणि पुढे पुढे इतका बसला की मालक येता जाता त्याच्या भिंतीवर थाप मारून जायला लागला. तिथेच माशी शिंकली. कानसाहेबाला चांगलं काम पारखता येत होतं, म्हणून तर त्याला ते सहन होईना. ''काय मेहुणे,'' तो सगळ्यांदेखत म्हणायचा, ''आज लोकर भरलीत की बहिणीच्या माहेरची अक्कल? पोकळ वाजतंय.'' भाऊ हसून घ्यायचा. हसताना त्याचे कान लाल व्हायचे.

मग एका बैठकीत ती गोष्ट घडली. भिंत भावाची होती, काम स्वच्छ होतं, तिचा हात अखंड चालू होता. नवऱ्याने तिच्या हाताकडे बघितलं, नीट बघितलं, आणि म्हणाला, ''उखडा.''

घरी आल्यावर ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. ''माझा हात चालू होता.''

''बघितला.''

''मग?''

''मग काय? तुझा भाऊ हल्ली मान फार वर करून चालतो. थोडी खाली आणली.''

भावाने सगळं उपसलं, पुन्हा भरलं. पुन्हा भरलं ते अगदी पहिल्यासारखंच, कारण दुरुस्त करायला काही नव्हतंच. पुढच्या बोटीला पुन्हा तेच. या वेळी मालक चिडला. बोट द्यायला उशीर झाला होता, गिऱ्हाईक बोलून गेलं होतं. त्याने भावाला बोलावून सांगितलं, आणखी एकदा उखडायची वेळ आली तर तू दुसरीकडे बघ. दुसरीकडे म्हणजे कुठे? अस्तराचं काम करणारा दुसरा कारखाना त्या किनाऱ्यावर नव्हता. भावाच्या घरी बायको होती, रांगतं मूल होतं, आणि अंथरुणाला खिळलेली आई होती. ती आई तिचीही होती. आईला कूस बदलायलाही दोघं लागायची, आणि कानसाहेबाने तिला आपल्या घरी आणायचं नाव काढू दिलं नव्हतं.

भाऊ तिच्याकडे आला. ''ताई, भावोजींना सांग ना. माझं काय चुकतं ते सांगा म्हणावं, मी शिकतो. तुला तर ते काही बोलत असतील.''

काय सांगणार ती? तुझं काही चुकत नाही, आणि जो ऐकतो म्हणतोय त्याला ढोल ऐकू येत नाही? ती म्हणाली, ''सांगते.'' आणि त्याच्या हातात चहा दिला.

पुढच्या बोटीत भावाने जीव ओतला. इंजिनाच्या भिंतीला रबराचे दोन थर, जमिनीच्या फळ्यांखाली रबराच्या चकत्या, कोपऱ्यांत लोकर बोटाने चेपून भरलेली. बैठकीच्या दिवशी सकाळी दाढी करता करता नवरा आरशातून तिला म्हणाला, ''आज तुझ्या भावाला घरी पाठवतो.''

ती आरशासमोर आली, म्हणजे त्याला ओठ दिसतील. ''आधी ऐका तरी.''

तो हसला. ''मी काय ऐकणार? ऐकायचं काम तुझं. सांगायचं माझं.''

केबिनमध्ये ती आपल्या कोपऱ्यात बसली. स्टुलावर नवरा, दाराशी मालक, डाककाम करणारा वेल्डर आणि भाऊ. मिस्त्री खाली इंजिनापाशी. इंजिन सुरू झालं आणि तिने शिवता शिवता कान दिला. असं काम तिने उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. घोरणंसुद्धा नाही, लांब कुठे कोणी श्वास घेतंय एवढंच. नवऱ्याने सवयीने भिंतीला तळहात लावला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. भिंत थरथरतच नव्हती. त्याचा हात आंधळा झाला होता. त्याने हात काढून मांडीवर ठेवला आणि तिच्या सुईकडे बघायला लागला.

तेवढ्यात इंजिन बंद पडलं. खाली पाण्याच्या पंपाचा पट्टा तुटला होता. असं होतं कधी कधी. मग मिस्त्री वर येऊन सांगतो, पट्टा बदलतात, बैठक पुन्हा सुरू होते. श्वास थांबावा तसा तो लांबचा आवाज थांबला आणि केबिनमध्ये इतकं शांत झालं की तिला तारेचा टाका कापडातून ओढला जाताना ऐकू आला. आता सुई बाहीत खोचायची होती. एवढंच करायचं होतं.

तिने दाराकडे बघितलं. भाऊ तिथे उभा होता, दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून, शिक्षा ऐकायला उभं राहतात तसा. तिने हात थांबवला.

कानसाहेब ताठ बसला. ''केवढा हा गोंगाट!'' तो म्हणाला. आपला आवाज त्याला ऐकू येत नव्हता म्हणून त्याने तो चढवला. ''डोक्यात घण पडतायत नुसते. ही भिंत भरलीय का चाळण लावलीय? उखडा.''

कोणी हललं नाही. वेल्डरचं तोंड उघडंच राहिलं. मालकाने हळूच बोट ओठांवर ठेवलं, बाकीच्यांना गप्प केलं, आणि कानसाहेबाच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. कानसाहेब उठून भिंतीपाशी गेला होता आणि बोटाच्या पेराने फळी वाजवत होता. ''इथून येतोय. ऐका, इथं फट आहे. काय मेहुणे, कान घरी ठेवून आलात?''

''कानसाहेब,'' मालक त्याच्या मानेमागून नेहमीच्या आवाजात म्हणाला, ''तुमचं घर जळतंय.''

कानसाहेब फळी वाजवत राहिला.

आधी वेल्डर हसला. मग तोच पुढे सरला आणि म्हणाला, ''कानसाहेब, तुम्ही गाढव आहात.'' मिस्त्री पट्टा हातात घेऊन वर आला होता. त्याला काय चाललंय ते क्षणात कळलं, आणि वर्षानुवर्षांचं साठलेलं त्याच्याही पोटात होतंच. तो म्हणाला, ''कानसाहेब, तुमच्या बायकोला घेऊन चाललो मी. रात्री वाट बघू नका.'' सगळे खिदळले. ती तिथेच, सगळ्यांच्या समोर, सुई हातात धरून बसली होती. तिचा भाऊही हसला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतोवर हसला. आपली बहीण तिथे आहे हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

तिला उठायचं होतं. जाऊन नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. पण आता उठलं तर आधी का उठली नाहीस, हेही त्यात आलंच. ती बसून राहिली. नवरा भिंतीला फट शोधत होता, कुठून कुठवर उखडायचं ते नखाने आखून दाखवत होता, आणि मागे चार माणसं त्याला जे येईल ते म्हणून घेत होती. शेवटी त्याने सवयीने तिच्याकडे बघितलं, कोणत्या बाजूने येतोय ते विचारायला. तिच्या तोंडावर त्याने जे वाचायचं ते वाचलं. मग तो सावकाश मागे वळला. माणसांचं हसू अजून पुसलं गेलं नव्हतं.

मालकाने त्याला काढून टाकलं असतं तर दया केली असं म्हटलं असतं. त्याने त्याला लोकरीची कात्रणं पोत्यात भरायला लावलं. ज्यांना त्याने सोललं होतं ते सगळे येता जाता त्याच्या पाठीमागे उभे राहून बोलायचे, आणि समोरचे हसायचे. तो पोतं भरता भरता मधेच मागे वळून बघायचा. त्या वळण्यालाही लोक हसायला लागले. शेवटी तो जायचाच बंद झाला.

तिला मात्र सगळ्यांनी जपलं. बायका म्हणाल्या, ''अगं, एका घरात राहून तुला कळलं कसं नाही?'' ती म्हणाली, ''कळलं होतं, बाई.'' वेडी आहे बिचारी, असं ठरलं. स्टुलावर आता भाऊ बसायला लागला. पहिल्याच बैठकीआधी तो तिला म्हणाला, ''ताई, यापुढे कोट शिवून नुसते पाठवून दे. बैठकीला बाहेरचं माणूस नको.'' आणि त्यानंतर तिचा एक कोट परत आला, निरोपासकट. टाके ढिले आहेत, उखडून पुन्हा घाला. तिने कोट उलटसुलट करून बघितला. टाके नेहमीसारखेच होते. निरोप आणणारा माणूस कौतुकाने म्हणाला, ''हल्ली तुमचा भाऊ अगदी कानसाहेबांसारखा बोलतो हो.''

कोट मांडीवर घेऊन ती नवऱ्यासमोर जाऊन बसली. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नव्हता, पण जेवायला वाढलं की जेवायचा, आणि ती काही म्हणाली तर तिच्या ओठांकडे बघायचा. खिडकीतून ऊन येत होतं. तिला वाटलं, आता सांगून टाकावं. जे काय व्हायचं ते होऊ दे.

''इंजिन बंद होतं,'' ती म्हणाली. ''मला माहीत होतं. मी मुद्दाम हात थांबवला.''

''माहीत आहे,'' तो म्हणाला. त्याचा आवाज खूप मोठा आला, बंद घरात तो कानाला लागला. ''हात थांबवायच्या आधी तू भावाकडे बघितलंस. मी बघत होतो.''

तिने कोट मांडीवरून बाजूला ठेवला. ''मग उखडा का म्हणालात?''

''म्हटलं, ही भावाकडे बघेल. पण हिचा हात माझ्याशी खोटं बोलणार नाही.''

एवढं बोलून त्याने डोळे मिटले. झोपायला मिटतात तसे नाही. दार लावून आतून कडी घालावी तसे, घट्ट, कपाळाला आठ्या पडेपर्यंत. ती बोलायला लागली. तिने आईचं सांगितलं, भावाच्या हसण्याचं सांगितलं, परत आलेल्या कोटाचं सांगितलं. माफी मागितली, मग चिडून त्याचीच चूक कशी ते सांगितलं, मग पुन्हा माफी मागितली. त्याचा हात धरला तर त्याने तो काढून घेतला, न रागावता, अंगावरचा धागा काढावा तसा. ती बोलत राहिली. तिचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जात होता, आणि तो तिच्यापासून दोन हातांवर डोळे मिटून बसला होता.